रक्ताच्या नमुन्याची वेळ

धार वा देवास जिल्ह्यातील एखाद्या मुलाची चिघळलेली खरूज बरी होत येते आणि काही आठवड्यांनी त्याचा चेहरा सुजतो, लघवी चहाच्या रंगाची होते. मूत्रपिंडाचा दाह झाला आहे, हे डॉक्टर ओळखतात. परंतु हा दाह आपोआप ओसरणारा की मूत्रपिंड निकामी करणारा, हे वरवर पाहून सांगता येत नाही. येथे रक्तातील पूरक प्रथिनांची तपासणी उपयोगी पडते.

जंतुनाशाच्या कामी प्रतिपिंडांना साहाय्य करणारा हा प्रथिनसमूह होय. एका घटकाने दुसऱ्यास चेतवावे, दुसऱ्याने तिसऱ्यास, असे त्याचे कार्य चालते. त्यास आवर घालणारी प्रथिनेही रक्तात असतात. ‘एच’ घटक हे त्यांतील प्रमुख. हा आवर सुटला म्हणजे हल्ला मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांवरच होतो.

गंमत अशी, की कार्याचा अतिरेक झाला असता ‘सी-३’ घटकाचा आकडा वाढत नाही, उलट घटतो. वखारीतले लाकूड जळून गेल्यावर उरणार काय? ‘सी-३’ कमी आणि ‘सी-४’ प्रकृत, हे खरजेनंतरच्या दाहातही दिसते. मात्र तेथे ‘सी-३’ साधारणतः दोन महिन्यांत पूर्ववत होते. तसे न झाल्यास निराळ्या, चिवट विकाराचा संशय घेऊन मूत्रपिंडाचा तुकडा तपासावा लागतो.

याहून सूक्ष्म परीक्षाही आहेत. एकीत प्रतिपिंडे लावलेल्या मेंढीच्या रक्तपेशी रुग्णाच्या रक्तद्रवात किती फुटतात ते पाहतात. दुसरीत ‘सी-५-बी-९’ हा अंतिम संयोग मोजतात. पण ही प्रथिने नळीतही स्वस्थ बसत नाहीत. धारहून इंदूर साठेक किलोमीटर. उन्हाळ्यात नमुना तसाच पाठविला, तर अतिरेक रुग्णाच्या देहात नसून नळीतच घडलेला असावयाचा! म्हणून ‘सी-५-बी-९’साठी रक्त ईडीटीए घातलेल्या नळीत घेऊन, द्रव लगेच वेगळा काढून, अतिशीत गोठवून पाठवावा लागतो. शिवाय हे नमुने रक्तद्रव चढविण्यापूर्वीच घ्यावे लागतात. नंतर दात्याची प्रथिने मोजली जातात.

‘सी-३’ची साधी मोजणी त्या मानाने सोशिक. तिला हवा असतो तो दोन महिन्यांनंतरचा दुसरा नमुना. तोवर सूज ओसरून मूल खेळू लागलेले असते आणि एक दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा शहर गाठण्याचे कारण आईबापांना दिसेनासे होते.