म्हातारपणी खुबा मोडला तर

चाळीतलं म्हातारं माणूस न्हाणीत घसरलं की शेजारीपाजारी हळदीच्या लेपाची वाटी घेऊन धावतात. आम्ही हाडांचे डॉक्टर आधी पाय पाहतो. पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या अंगाला कललंय? मग चोळणं नको, उभं करणं नको. आडवंच उचला आणि एक्स-रे काढा. (क्वचित एक्स-रेही फसवतो, मग एमआरआय.)

खुब्याच्या गोळ्याला रक्त बहुतांशी हाडाच्या मानेवरून मिळतं. मान मोडून सरकली की ते तुटतं, गोळा वाळू शकतो. परळचं के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी बोस्टनला स्मिथ-पीटरसन यांनी अशा मानेत तीन पात्यांचा खिळा ठोकला होता. आता स्क्रू घालतात, नाहीतर गोळाच बदलतात.

लालबागच्या एका आजींचे मुलगे मला म्हणाले, “ऐंशीव्या वर्षी कापाकापी कशाला? पडून राहू दे.” अहो, खाट ऑपरेशनहून वाईट! पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्त गोठतं. म्हणून एक-दोन दिवसांतच ऑपरेशन करायचं. मुलगे कसेबसे तयार झाले. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहिलेल्या आजींनी मलाच विचारलं, “डॉक्टर, गॅलरीत कधी बसायचं?”