रोज पहाटे ऐकलेला अनोळखी रचनाकार

पाश्चात्य देशांतील काही हौशी श्रोते एक नेम करतात. ज्याचे नावही पूर्वी कानी आले नाही अशा एखाद्या अभिजात संगीतरचनाकाराची एक तरी रचना रोज ऐकावयाची, आणि हे वर्षभर चालवावयाचे. वरवर पाहता हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. शाळेची घंटा, कचेरीतले टपाल आणि घरचे दळण यांत ज्याचा दिवस सरतो त्याने असल्या फंदात कशाला पडावे, असे वर्धा-आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) येथे कोणी विचारले तर त्यास अरसिक म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र त्याला एक गोष्ट सांगावी लागेल. हा नेम त्याच्या गावाने केव्हाच पाळला आहे, आणि तोही एक वर्ष नव्हे, कित्येक दशके.

सकाळी सहाच्या थोडे आधी रेडिओची खुंटी फिरवली की प्रथम खरखर, मग तानपुऱ्याचा षड्ज आणि त्यावर व्हायोलिनची ती छोटी, किंचित उदास धून ऐकू येई. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. त्यानंतर गावोगावी रेडिओ पोचत गेले, तशी विदर्भातील खेड्यांची सकाळ या धुनेने उजाडू लागली. बैलांना वैरण टाकणाऱ्याने ती ऐकली, चुलीवर चहाचे आधण ठेवणारीने ऐकली, परीक्षेच्या दिवसांत कंदिलाजवळ बसलेल्या विद्यार्थ्याने ऐकली. आज चाळिशी ओलांडलेल्या कोणाही मराठी माणसाला ती गुणगुणावयास सांगावे. तो चुकणार नाही. ती कोणी रचली, हे विचारावे. तो गप्प होईल.

त्या रचनाकाराचे नाव वॉल्टर कॉफमन. १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड या गावी एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. बर्लिनला फ्रांझ श्रेकर यांच्यापाशी त्याने रचनाशास्त्राचे धडे घेतले आणि प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राचा अभ्यास केला. आपला मार्गदर्शक प्राध्यापक नाझी युवक संघटनेचा पुढारी आहे असे कळताच त्याने हाती आलेली डॉक्टरेट नाकारली. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता आणि ज्यू संगीतकारांना तेथील रंगमंच बंद होत चालले होते. १९३४ च्या आरंभी कॉफमन मुंबईच्या धक्क्यावर उतरला. थोडे दिवस राहून परतण्याचा बेत होता; राहिला बारा वर्षे.

तो मुंबईलाच का आला, याचे त्याने स्वतः दिलेले कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. युरोपात असताना त्याने भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या होत्या, आणि त्या त्याला सर्वस्वी परक्या व अगम्य वाटल्या होत्या. असे झाले की आपण बहुतेक जण तबकडी बाजूला ठेवतो आणि त्या संगीतालाच नावे ठेवतो. कॉफमनने वेगळा विचार केला. हे संगीत बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनी निर्माण केले आहे, लक्षावधी लोक त्यावर जीव टाकतात. तेव्हा दोष संगीताचा नसून ऐकणाऱ्याचा असला पाहिजे, आणि त्यावर उपाय एकच, जेथे ते जन्मले तेथे जाऊन ते ऐकणे. परक्या देशात निर्वासित म्हणून पाऊल टाकणाऱ्या माणसाजवळ एवढी विनम्रता असावी ही सामान्य गोष्ट नव्हे. आपल्या घरात सुखरूप बसून पाश्चात्य संगीताला ‘किंचाळणे’ आणि आपल्या संगीताला ‘रडगाणे’ म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंच्या विद्वानांकडे ती क्वचितच आढळते.

मुंबईत त्याने त्याच वर्षी चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. तीत व्हायोलिनवर होते मेहली मेहता, म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या झुबिन मेहतांचे वडील. १९३७ पासून १९४६ पर्यंत कॉफमन ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचा प्रमुख होता. संकेतधून १९३६ च्या सुमाराची मानली जाते. तिचे श्रेय मधल्या काळात इतरांनाही दिले गेले, परंतु ती कॉफमनची हेच मत आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे.

ही धून इतक्या सहजपणे आपल्या अंगणात कशी आली, हे पाहण्याजोगे आहे. पाश्चात्य संगीतात एकाच वेळी अनेक सुरावटी चालतात. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, तिसरी थांबते, आणि त्यांच्या भेटीतून जो परिणाम उपजतो तीच त्या संगीताची गंमत असते. आपला कान एका सुरावटीमागे जाण्यास सरावलेला. षड्ज कायम आणि त्यावर एकच वाट, ती कितीही वळणावळणाची असो. म्हणून चार वाद्ये चार दिशांना निघाली की आपला श्रोता बाजारात चुकलेल्या मुलासारखा गोंधळतो. संकेतधुनेत कॉफमनने हा गोंधळ होऊच दिला नाही. तानपुरा खाली ठेवला, आणि वर शिवरंजनीच्या छायेतील एक सुरावट ठेवली. सा, रे, कोमल गंधार, प, ध एवढ्या पाच स्वरांचा हा राग. कोमल गंधारामुळे त्याला एक आर्तता येते. वाद्य परदेशी, रचनाकार परदेशी, पण बोलणे आपल्या कानाला उमजेल असे. पहाटेच्या अंधारात ते कोणालाही उपरे वाटले नाही.

त्याच सुमारास दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचे काम पाहत होता जॉन फोल्ड्स हा इंग्रज रचनाकार. भारतीय संगीतावर त्याचेही प्रेम होते, पण त्या प्रेमाला वेगळीच धार होती. पेटीचे ठरीव स्वर आपल्या श्रुतींचा घात करतात, असा हल्ला त्याने १९३८ मध्ये एका लेखातून चढवला. १९३९ साली कलकत्त्यात त्याचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. विदर्भातील भजनी मंडळांनी या बंदीची काडीइतकीही पर्वा केली नाही, हे सांगावयास नकोच. तात्पर्य, परक्या संगीताचा पंडित होऊनही माणूस श्रोत्यांपासून दूर राहू शकतो, आणि कॉफमनसारखा एखादा अवघ्या काही क्षणांच्या धुनेने कोट्यवधींच्या घरात वस्तीला येतो.

वर्ध्याच्या मातीला तर अनोळखी स्वरांचा नेम मुळीच नवा नाही. १९३६ साली सेवाग्रामचा आश्रम वसला. तेथील प्रार्थनेचा आरंभ एका जपानी बौद्ध मंत्राने होतो. तो वर्ध्याला गांधीजींकडे आलेल्या एका जपानी भिक्षूने आणला. त्याच प्रार्थनेत कुराणातील अरबी आणि पारशांच्या धर्मग्रंथातील वचने आहेत. भोवतालच्या शेतकऱ्यांच्या मुलांना जपानी येत होते थोडेच! पण रोज ऐकून तो नाद त्यांच्या ओठी बसला. समजण्याच्या आधी सवय लागते, आणि पुष्कळदा सवयीच्या वाटेनेच समज येते, हा अनुभव या जिल्ह्याने घेतलेला आहे.

म्हणून वर्षभराच्या त्या नेमाची थट्टा करण्याचे कारण नाही. त्यात एक खोट मात्र आहे. रोज नवा रचनाकार म्हटले की ऐकण्याचे रूपांतर टपालाची तिकिटे जमवण्यात होण्याचा धोका असतो. तीनशे पासष्ट नावांची वही भरते आणि कानात एकही सुरावट उरत नाही. संकेतधून आपल्या अंगी भिनली ती पुनःपुन्हा ऐकून. एखाद्या शिक्षकाने असा नेम करावयाचा ठरवलाच तर एका रचनाकाराला निदान एक आठवडा द्यावा. तंतुवाद्यांची चौकडी घेतली, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, तर पहिल्या दिवशी केवळ वरच्या व्हायोलिनमागे जावे. दुसऱ्या दिवशी तीच रचना लावून तळाचा चेलो धरावा. चौथ्या-पाचव्या दिवशी दोन्ही एकदम ऐकू येऊ लागतात, आणि ज्याला आदल्या सोमवारी गोंगाट म्हटले होते त्यात चार माणसांचा संवाद चालला आहे असे ध्यानी येते. यासाठी संगीताच्या परीक्षा द्याव्या लागत नाहीत. पूर्वी मुंबईबाहेर अशी तबकडी दृष्टीस पडणे कठीण होते. आता खिशातल्या फोनवर ती आंजीतही मिळते.

आरंभ कॉफमनपासूनच करता येईल. १९४६ मध्ये त्याने भारत सोडला. इंग्लंडमार्गे तो कॅनडात गेला, विनिपेगच्या वाद्यवृंदाचा संचालक झाला आणि पुढे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. उत्तर भारतातील रागांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १९६८ मध्ये निघाला, दक्षिणेतील रागांवरचा १९७६ मध्ये. आपल्या शेजारच्या गोंडांच्या आणि बैगांच्या लोकगीतांवर त्याने १९४१ सालीच लेख लिहिला होता. वैदर्भीय संगीतप्रेमींपैकी कितीजणांनी तोपर्यंत त्या गीतांकडे कान दिला असेल, हा प्रश्न अडचणीचा आहे. १९८४ मध्ये तो निवर्तला. त्याच्या स्वतःच्या रचना मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिल्या. टोरोंटोच्या एआरसी एन्सेम्बल या वादकमंडळाने त्यांतील काहींची ध्वनिमुद्रिका २०२० मध्ये काढली, तेव्हा त्याची अकरावी चौकडी बाहेरच्या जगाला ऐकावयास मिळाली. ती प्रथम ऐकताना अवघड वाटेल. मग मध्येच एखादी ओळ अशी येते की मराठी श्रोत्याने मान वर करावी.

प्रश्न इतकाच उरतो की हे नाव आपल्याला इतकी वर्षे कोणी का सांगितले नाही. आपल्याकडे हा रोग जुना आहे. शास्त्रीय गायनाच्या प्रसारणात निवेदक राग सांगतो, ताल सांगतो, गायकाचे, तबलजीचे, सारंगीवाल्याचे नाव घेतो. बंदिश कोणाची, हे सहसा सांगत नाही. सदारंग, मनरंग यांनी आपली नावे बंदिशींच्या शब्दांतच गुंफून ठेवली म्हणून ती वाचली. अलीकडच्या काळात जगन्नाथबुवा पुरोहितांनी ‘गुणिदास’ आणि बडे गुलाम अली खाँसाहेबांनी ‘सबरंग’ या नावाने तेच केले. शब्दच नसलेल्या धुनेत बिचाऱ्या कॉफमनने आपली मुद्रा कोठे घालावी?

आकाशवाणीने हे ऋण फेडण्यासाठी समारंभ करावा, पुतळा उभारावा असे कोणी म्हणणार नाही. सकाळी धून संपते, त्यामागून ‘वंदे मातरम्’ होते, मंगलध्वनी होतो, मग निवेदक केंद्राचे नाव आणि दिवसभराच्या कार्यक्रमांची माहिती सांगतो. त्यात महिन्यातून एकदा, “आपण प्रारंभी ऐकलेली संकेतधून वॉल्टर कॉफमन यांची होती” एवढे वाक्य घालावयास पाच सेकंदही लागणार नाहीत.