लॉर्ड रिपन : उदारमताचा आवाका आणि मर्यादा

भारतीय भाषांतील वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात लॉर्ड रिपन यांचे नाव येते ते एका रद्द झालेल्या कायद्याच्या संदर्भात. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत मार्च १८७८ मध्ये झालेल्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्याने मुद्रक व प्रकाशक यांच्याकडून मुचलका लिहून घेण्याचा आणि प्रसंगी छापखाना जप्त करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. इंग्रजी पत्रे मात्र या कायद्यातून वगळलेली होती. म्हणजे अपराध मजकुराइतकाच भाषेचाही ठरत होता. १८८२ मध्ये हा कायदा रद्द करणाऱ्या रिपन यांची राजकीय घडण पाहिली, तर त्यांच्या उदारमताचा आवाका व त्याच्या मर्यादा या दोहोंचा उलगडा होतो.

जॉर्ज रॉबिन्सन, पुढे पहिले मार्क्विस ऑफ रिपन, यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८२७ रोजी लंडन येथे १०, डाउनिंग स्ट्रीट या वास्तूत झाला. वडील व्हायकाउंट गोडरिच हे त्या वेळी पंतप्रधान होते. तरुणपणी रिपन ख्रिस्ती समाजवाद्यांच्या सहवासात आले. १८५२ च्या संघर्षात त्यांनी यंत्रकामगारांची बाजू घेतली. त्याच वर्षी लोकशाहीच्या समर्थनार्थ त्यांनी लिहिलेली पुस्तिका त्या पंथाचे अध्वर्यू मॉरिस यांनाच इतकी जहाल वाटली, की त्यांनी तिचा प्रसार थांबविला. १८५९ मध्ये उमरावपद वारशाने आले. त्यानंतर युद्धमंत्री, १८६६ मध्ये काही महिने भारतमंत्री, आणि अमेरिकेशी झालेल्या १८७१ च्या वॉशिंग्टन कराराचे वाटाघाटकार अशी पदे त्यांनी भूषविली. १८७४ मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला व इंग्लंडमधील फ्रीमेसन संघटनेचे प्रमुखपद सोडले. तत्कालीन इंग्लंडमध्ये हे पाऊल राजकीय भवितव्यास घातक मानले जाई. तरीही १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी त्यांना व्हाइसरॉय नेमले.

लोक कारभार करतच कारभार शिकतात, ही त्यांची धारणा १८८२ च्या स्थानिक स्वराज्यविषयक ठरावात स्पष्ट दिसते. प्रशासनाची सुधारणा हा त्या ठरावाचा मुख्य हेतू नसून लोकांचे राजकीय शिक्षण हा होता. त्याच वर्षी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली.

या धोरणाची खरी कसोटी १८८३ च्या इल्बर्ट विधेयकाने लागली. मुलखातील हिंदी न्यायाधिकाऱ्यांना युरोपियन आरोपींचे खटले चालविता यावेत, एवढाच त्याचा आशय होता. पण गोऱ्या समाजाने काहूर उठविले. मळेवाले व वकील एकवटले. अखेर जानेवारी १८८४ मध्ये, निम्मे तरी सभासद युरोपियन वा अमेरिकन असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क अशा आरोपीस देऊन तडजोड झाली. भाषेवरून केलेला भेद रिपन यांनी नाहीसा केला. वर्णावरून केलेला भेद मात्र नव्या रूपाने कायद्यात राहिला. त्या आंदोलनाच्या यशाने संघटनेचे बळ हिंदी सुशिक्षितांच्याही ध्यानी आले, आणि १८८५ मध्ये मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले.

इंग्लंडला परतल्यावर रिपन नौदलमंत्री व वसाहतमंत्री झाले. १९०५ पासून ऑक्टोबर १९०८ पर्यंत ते लॉर्ड प्रिव्ही सील होते. त्याच काळात, जून १९०८ मध्ये, छापखाने जप्त करण्याची तरतूद असलेला नवा वृत्तपत्र कायदा झाला. आणि जुलैमध्ये 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्या राजद्रोहाच्या कलमाखाली ती झाली, ते १८७० पासून दंडसंहितेत होते. १८८२ च्या निर्णयाने त्यास धक्का लागलेला नव्हता.

९ जुलै १९०९ रोजी रिपन यांचे निधन झाले. त्यांच्या निर्णयाचे मोल यावरून कमी होत नाही. ते नेमके कळते. त्यांनी देशी भाषांना इंग्रजीच्या पंक्तीस बसविले, राजसत्तेच्या धाकातून मात्र मुक्त केले नाही. समता आणि स्वातंत्र्य यांतील हे अंतर पुढे मराठी लेखणीला स्वतःच कापावे लागले.