नवा तंदूर तापत नाही? आधी भिंतीतला प्लग पाहा

गिरगाव, लालबागच्या चाळींतील स्वयंपाकघरांत इलेक्ट्रिक तंदूर आणि ओव्हन आता रुळले आहेत. मात्र नवे कोरे उपकरण पुरेसे तापले नाही, तर दोष त्याचाच असतो असे नाही. अनेक ओव्हनमध्ये टायमर शून्यावर असल्यास वीजप्रवाह सुरूच होत नाही. मधूनमधून दिवा विझणे हाही बिघाड नव्हे. ठरलेले तापमान गाठताच थर्मोस्टॅट वीज तोडतो.

खरी मेख पुष्कळदा भिंतीत असते. १५०० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढतो. पंख्या-दिव्यांसाठी बसवलेला ५ अँपिअरचा लहान सॉकेट त्यासाठी नव्हे. जुन्या, बारीक तारांमुळे दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला, तर उष्णता जवळपास पाव हिश्शाने घटते. तंदूर कोमट राहतो आणि तारा तापतात. लाकडी जिने, लाकडी तुळयांच्या इमारतीत हे भयंकरच. एक्स्टेन्शन बोर्ड तर वापरूच नये. पहिल्या वापरात कॉइलवरील लेप जळून थोडा धूर येतो, तो स्वाभाविक. पण प्लग गरम लागला किंवा तिथून जळका वास आला, तर वापर तत्काळ थांबवावा. परवानाधारक वायरमनकडून मोठा, १६ अँपिअरचा सॉकेट, जाड तार आणि अर्थिंग करून घ्यावे. तरीही तंदूर तापला नाही, तरच पावती घेऊन दुकान गाठावे.