पेट्रोलात तेल किती?

मोटारीत तेल आणि पेट्रोल यांची बिऱ्हाडं वेगळी. मॉडेल विमानाच्या टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात मात्र दोघं एकाच टाकीत नांदतात. बेअरिंगला, पिस्टनला जे वंगण मिळायचं ते या मिश्रणातूनच. नुसत्या पेट्रोलवर उडवलंत, तर पिस्टन जाम होतो आणि विमान इंजिनाविना खाली येतं.

प्रमाण इंजिनाच्या माहितीपत्रकातलंच पाळावं. ३२ ला १ म्हणजे लिटरभर पेट्रोलात सुमारे ३१ मिलिलिटर तेल. ५० ला १ म्हणजे २०. ‘जरा जास्त बरं’ असं मंडळी म्हणतात खरं. पण तेल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं, कार्बुरेटरची सुई पुन्हा लावावी लागते, आणि प्लगवर काजळी धरते ती निराळीच.

तेल हवेनं थंड होणाऱ्या इंजिनांसाठी केलेलं हवं. डब्यावर ‘जासो एफडी’ ही खूण पाहावी. होडीच्या इंजिनाचं तेल पाण्यानं थंड होणाऱ्या यंत्रासाठी असतं, ते स्वस्त मिळालं तरी नको. आणि एरंडेल? त्याची कीर्ती मोठी, पण ते मेथॅनॉलात चांगलं मिसळतं, पेट्रोलात नाही.

आधी थोडं पेट्रोल, त्यात सगळं तेल, मग हलवून उरलेलं पेट्रोल. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल ओढून घेतं. तेव्हा लागेल तेवढंच करावं नि डब्यावर तारीख लिहावी.