जेवढं नवं, तेवढंच मोजा
लेखमाला : संदेश आणि गोंगाट – लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण नॉर्बर्ट वीनर यांच्यापाशी थांबलो होतो. गोंगाटात मिसळलेल्या मूळ संदेशाचा अंदाज कसा बांधायचा, याचं गणित त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांडलं. १९६० साली रुडॉल्फ कालमन यांनी ते संगणकाला झेपेल अशा रूपात आणलं. या वाटेवरचा पुढचा टप्पा पुण्यात वाढलेल्या अभियंत्याचा आहे. त्यांचं नाव थॉमस कैलाथ.

१९३५ साली पुण्यातल्या एका केरळी कुटुंबात ते जन्मले. १९५६ साली पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचार विषयाची पदवी, १९६१ साली एमआयटीची डॉक्टरेट आणि १९६३ पासून स्टॅनफर्डमध्ये अध्यापन, असा त्यांचा प्रवास.

त्यांची १९६८ सालची कल्पना नवघर रोडवरून रोज भाईंदर स्टेशन गाठणाऱ्याला चटकन कळेल. गाडीची वेळ त्याला पाठच असते. उद्घोषणेतलं त्याच्या कामाचं असतं ते एवढंच, की आज गाडी किती उशिरा आहे. कैलाथ यांनी हेच संदेशाला लावलं. हाती आलेल्या प्रत्येक मोजमापातून, आधीच्या मोजमापांवरून वर्तवता आलं असतं तेवढं वजा करायचं. उरेल तेच खरं नवं. या उरलेल्या भागांचा परस्परांशी सहसंबंध नसतो. त्यामुळे प्रत्येकाचा हिशेब वेगळा करून शेवटी नुसती बेरीज घेता येते. कालमन यांची अवघड वाटणारी समीकरणं या वाटेने थोड्या ओळींत हाती लागतात.

दुसरी कल्पना वेगाची. हजार अज्ञातांची समीकरणं नेहमीच्या रीतीने सोडवायची तर साधारण १०० कोटी क्रियांच्या घरातलं काम पडतं. पण या समीकरणांतल्या सहगुणकांच्या चौकटीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, प्रत्येक तिरक्या ओळीत एकच आकडा पुन्हा पुन्हा येत असेल, तर काम १० लाखांच्या घरात येतं. अडचण एवढीच, की व्यवहारातल्या मॅट्रिक्स इतक्या नेटक्या क्वचितच असतात. त्या या रचनेपासून किती ढळल्या आहेत, याचं माप कैलाथ आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली दिलं. ढळ थोडी असेल, तर जलद रीत तिथेही चालते.

पुढे १९९०च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांसह चिपनिर्मितीत हात घातला. प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक रेघ चिपवर कशी उमटवायची, हा प्रश्नही त्यांनी संदेशप्रक्रियेचा मानून हाताळला.

२००७ साली आयईईईचं मेडल ऑफ ऑनर, २००९ साली पद्मभूषण आणि २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते नॅशनल मेडल ऑफ सायन्स त्यांना मिळालं. दर दशकात विषय बदलला, हत्यार मात्र तेच राहिलं : प्रश्नातली दडलेली रचना हेरणं. माझ्या मते या सन्मानांचं खरं कारण तेच आहे.

म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक सांगणं : मॅट्रिक्सचा धडा पास होण्यापुरता उरकू नका. पुढच्या लेखांकात अशी एक छोटी मॅट्रिक्स हातानेच सोडवू. वही-पेन्सिल घेऊन बसा.