विश्लेषण : साधा फोन रिफायनरीच्या गेटवरच का ठेवावा लागतो? ‘एटेक्स’ चिन्ह नेमके काय सांगते?

युरोपातील रिफायनरी, रसायन कारखाने आणि धान्याच्या कोठारांत स्फोटाचा धोका असलेल्या भागात नेहमीचा मोबाइल किंवा वॉकीटॉकी नेता येत नाही. तिथे षटकोनात ‘एक्स’ कोरलेलीच उपकरणे चालतात. मात्र हे चिन्ह असले की फोन कुठेही वापरता येतो, असा समज करून घेणे धोक्याचे आहे.

‘एटेक्स’ म्हणजे काय?

स्फोटक वातावरण या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून हे नाव आले. त्याखाली युरोपीय संघाचे दोन वेगळे निर्देश येतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिला २०१४/३४ हा उपकरण बनवणाऱ्यासाठी आहे. तो २० एप्रिल २०१६ पासून लागू झाला. त्याआधीचा ९४/९ हा निर्देश १ जुलै २००३ पासून सक्तीचा होता. दुसरा १९९९/९२ हा कामगारांना कामावर ठेवणाऱ्या मालकासाठी आहे. आपल्या आवारात स्फोटक वायू किंवा धूळ कुठे, किती वेळ असू शकते हे ठरवून त्याने जागेचे ‘झोन’ आखायचे आणि तशी लेखी नोंद ठेवायची.

वायू सतत किंवा दीर्घकाळ असतो, उदाहरणार्थ टाकीच्या आत, तो झोन ०. नेहमीच्या कामात अधूनमधून असू शकतो तो झोन १. सहसा नसतो आणि झालाच तर थोडाच वेळ टिकतो तो झोन २. धुळीसाठी हेच २०, २१ आणि २२ असे मोजतात.

दोन खुणा मात्र लक्षात ठेवाव्यात. पिवळ्या त्रिकोणातील ‘ईएक्स’ ही अक्षरे जागेसाठी असतात, षटकोनातील ‘एक्स’ उपकरणासाठी. त्रिकोणाची पाटी ओलांडायची असेल तर हातातल्या वस्तूवर षटकोन हवा. आणि तोही त्या झोनसाठी पुरेसा हवा.

एवढी काळजी संपर्काच्या साधनांबाबत कधीपासून?

१४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंघेनिड इथल्या कोळसा खाणीत स्फोट झाला. ४३९ कामगार आणि बचावासाठी उतरलेला एक जण मृत्युमुखी पडला. ब्रिटनच्या इतिहासातील ही सर्वात भीषण खाण दुर्घटना. नेमके कारण चौकशीत सिद्ध झाले नाही; पण संशय ज्या गोष्टींवर गेला त्यात एक होती विजेची घंटा.

खाणीच्या बोगद्यातून दोन उघड्या तारा नेलेल्या असत. गाड्या ओढणाऱ्या यंत्रावरील माणसाला इशारा द्यायचा असेल तर कामगार त्या दोन तारा धातूच्या तुकड्याने जोडे आणि पलीकडे घंटा वाजे. बॅटरी लहान, व्होल्टेज किरकोळ, म्हणून हे निर्धोक समजले जाई. पण धातू तारांवरून उचलताना घंटेच्या वेटोळ्यात साठलेली ऊर्जा ठिणगीच्या रूपाने बाहेर पडते आणि ती मिथेनला पेटवू शकते, हे आर. व्ही. व्हीलर आणि डब्ल्यू. एम. थॉर्नटन यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. त्यातूनच सर्किटमधली ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की ठिणगी पडली तरी वायू पेटू नये, ही कल्पना पुढे आली. उद्योगात तिला ‘इन्ट्रिन्सिक सेफ्टी’ किंवा नुसते ‘आयएस’ म्हणतात. आजचे एटेक्स फोन आणि वॉकीटॉकी प्रामुख्याने याच तत्त्वावर बनतात.

सेंघेनिडच्या खाण व्यवस्थापकाला नियमभंगासाठी एकूण २४ पौंड दंड झाला, कंपनीला १० पौंड.

साध्या फोनमध्ये एवढे धोकादायक काय?

हायड्रोजन आणि हवेचे योग्य मिश्रण पेटायला सुमारे ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. मिथेनला साधारण ०.२८ मिलिज्यूल लागते. आता खिशातल्या फोनकडे पाहू. ४,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे ५५ हजार ज्यूल साठलेले असतात, म्हणजे हायड्रोजनला लागणाऱ्या ऊर्जेच्या अब्जावधी पट. रोजच्या वापरात ती बाहेर उसळत नाही हे खरे. पण फोन लोखंडी जाळीवर पडला, बॅटरी सुटली किंवा आत शॉर्टसर्किट झाले, तर काय होईल याची हमी साध्या फोनचा उत्पादक देत नाही. त्याच्याकडून ती कुणी मागितलेलीही नसते.

दुसरा धोका उष्णतेचा, तर तिसरा रेडिओ लहरींचा. शेवटचा अनेकांना खोटा वाटतो. मोठी क्रेन किंवा पाइपची रचना अँटेनासारखी वागू शकते. तिच्यात निर्माण झालेला प्रवाह एखाद्या सांध्यापाशी तुटला की ठिणगी पडू शकते. स्कॉटलंडमधील सेंट फर्गस वायू टर्मिनलजवळच नौदलाचे शक्तिशाली रेडिओ केंद्र होते. त्यामुळे १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे या धोक्याचा खास अभ्यास करावा लागला. आजच्या मानकात प्रक्षेपणाची मर्यादा हायड्रोजनच्या गटासाठी २ वॅट, इथिलीनच्या गटासाठी ३.५ वॅट आणि प्रोपेनच्या गटासाठी ६ वॅट आहे. नेहमीचे व्यावसायिक वॉकीटॉकी ४-५ वॅटचे असतात. एटेक्स वॉकीटॉकी बहुधा १ वॅटच्या आसपासच ठेवतात. त्यांची रेंज कमी आहे अशी तक्रार कामगार करतात, तिचे मूळ इथे आहे.

फोनवरील अक्षरे कशी वाचायची?

एटेक्स फोनच्या मागे बारीक अक्षरांची ओळ असते. उदाहरणादाखल ती अशी : सीई, चार आकडे, षटकोन, रोमन दोन, ‘२ जी’, मग ‘एक्स आयबी’, ‘टू सी’, ‘टी ४’, ‘जीबी’.

रोमन दोन म्हणजे खाणी सोडून इतर उद्योग; खाणींसाठी रोमन एक असते. ‘२ जी’ म्हणजे दुसऱ्या श्रेणीचे उपकरण, वायूसाठी. ते झोन १ आणि २ मध्ये चालते, झोन ० मध्ये नाही. त्यासाठी पहिली श्रेणी लागते आणि तसे फोन विरळाच. तिसरी श्रेणी फक्त झोन २ साठी. इथे ‘जी’च्या जागी किंवा जोडीला ‘डी’ असेल तरच तो धुळीच्या जागी चालतो. हा मुद्दा किरकोळ नाही. १९९७ मध्ये फ्रान्समधील ब्लाय इथे धान्याच्या कोठारात स्फोट होऊन ११ जणांचा जीव गेला होता. पीठ, साखर, लाकडाचा भुसा, ॲल्युमिनियमची पूड हवेत पसरली की वायूइतकीच घातक ठरते.

‘आयबी’ म्हणजे आतला एक बिघाड झाला तरी सुरक्षित. ‘आयए’ म्हणजे दोन बिघाड सोसणारा. ‘टू सी’ हा सर्वात कडक वायुगट. त्यात हायड्रोजन आणि ॲसिटिलीन येतात. ‘टू बी’मध्ये इथिलीन, ‘टू ए’मध्ये प्रोपेन. शेवटची ‘जीबी’ ही अक्षरे संरक्षणाची पातळी सांगतात; झोन १ च्या वायूसाठी ती पुरेशी असते.

‘टी ४’ म्हणजे फोनचा कोणताही भाग १३५ अंश सेल्सिअसच्या वर तापणार नाही. टी १ ची मर्यादा ४५० अंश, टी ६ ची ८५. ठिणगी आणि उष्णता हे दोन हिशोब वेगळे आहेत, हे इथे विसरले जाते. हायड्रोजन चिमुकल्या ठिणगीने पेटतो, पण केवळ उष्णतेने पेटायला ५०० अंशांहून अधिक तापमान लागते. ईथर नुसत्या उष्णतेने १७० अंशांच्या आसपास पेटते. कार्बन डायसल्फाइडचे तर त्याहून अवघड : ते सुमारे ९० ते १०० अंशांवरच पेट घेते, म्हणून तिथे टी ४ फोन चालत नाही.

बहुतेक उपकरणे उणे २० ते अधिक ४० अंशांच्या हवेतच प्रमाणित असतात. मर्यादा वेगळी असेल तर ती लिहिलेली असते.

‘सीई’ असले की पुरे नाही का?

नाही. ‘सीई’ तर युरोपात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनवरही असते. रेडिओ उपकरणांच्या २०१४/५३ या निर्देशाचे पालन झाले, एवढेच ते तिथे सांगते. स्फोटाशी त्याचा संबंध षटकोन आला की जुळतो.

झोन १ साठीच्या फोनला उत्पादकाचा स्वतःचा शब्द चालत नाही. अधिसूचित संस्था नमुना तपासते. त्यात पडण्याची चाचणी असते. सर्किटचा संशय असेल तर स्फोटक वायूने भरलेल्या पेटीत कॅडमियमच्या फिरत्या चकतीवर टंगस्टनच्या तारा घासून मुद्दाम ठिणग्या पाडतात आणि वायू पेटतो का ते पाहतात. नमुना उत्तीर्ण झाला तरी कारखान्याच्या उत्पादनावर देखरेख राहते. ‘सीई’नंतरचे चार आकडे ही देखरेख करणाऱ्या संस्थेचा क्रमांक असतात.

तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे झोन २ च्या फोनला मात्र उत्पादकाची स्वतःची तपासणी आणि घोषणा कायद्याने पुरते. त्यामुळे त्यावर ते आकडे नसतील तर तो बनावट ठरत नाही. झोन १ साठी घेतलेल्या फोनवर ते नसतील, तर खरेदी विभागाने पैसे देण्यापूर्वी थांबावे.

चिन्ह असूनही फोन कधी निकामी ठरतो?

बाजारातली बॅटरी टाकली, स्क्रीन गल्लीतल्या दुकानात बदलून घेतली, तडा गेलेले आवरण चिकटपट्टीने जोडले, की चिन्ह छापलेले राहते पण त्यामागचे प्रमाणपत्र त्या फोनला लागू राहत नाही. आतील सुट्या भागांमधले अंतर, प्रवाह रोखणारे जोडीचे घटक, बॅटरीवर ओतलेले रेझिन हे सगळे मिळून ती सुरक्षा तयार झालेली असते.

प्रमाणपत्राच्या क्रमांकाला शेवटी ‘एक्स’ जोडलेला असेल तर वापरावर खास अटी आहेत असे समजायचे. धोक्याच्या भागात चार्ज करू नये, बॅटरी तिथे काढू नये, ठरलेलाच हेडसेट लावावा, स्थिर वीज साचू नये म्हणून ठरावीक कातडी कव्हर वापरावे, अशा त्या असतात. त्या फोनवर मावत नाहीत, पुस्तिकेत असतात. आणि पुस्तिका बहुधा स्टोअरच्या कपाटात असते. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वात कच्चा दुवा हाच.

मग पेट्रोल पंपावरचे काय?

पंपावर मोबाइलने आग लागल्याचे व्हिडीओ फिरत असतात. अमेरिकेतील पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने इंधन भरताना लागलेल्या आगींच्या नोंदी गोळा केल्या, तेव्हा मोबाइल कारण असल्याचे एकाही घटनेत आढळले नाही. बऱ्याच ठिकाणी दोष अंगावर साचलेल्या स्थिर विजेचा होता. तरीही पाटी चुकीची ठरत नाही. साध्या फोनचा स्फोटासाठी कुणी तपासच केलेला नसतो, त्यामुळे नियम त्याला झोनबाहेर ठेवतो.

एटेक्स फोन भारतात चालतो का?

आपोआप नाही. अमेरिकेची पद्धत वेगळी, ब्रेक्झिटनंतर ब्रिटनने आपले वेगळे चिन्ह आणले आणि भारतात पेट्रोलियम नियम, २००२ नुसार धोक्याच्या क्षेत्रातील विद्युत उपकरणाला पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची, म्हणजे ‘पेसो’ची मान्यता लागते. तिचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. खाणींसाठी धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय. भारतीय मानके आंतरराष्ट्रीय मानकांवरच बेतलेली असल्याने परदेशी चाचणी अहवालांचा अर्ज करताना उपयोग होतो, पण मान्यता वेगळी घ्यावी लागते. रॉटरडॅमच्या बंदरात वापरलेला फोन घेऊन कुणी माहुलच्या किंवा उरणच्या गेटवर आला, तर षटकोन दाखवून भागत नाही. ‘पेसो’ची मान्यता दाखवावी लागते.